हातच्या काकणाला आरसा

मराठी शिकवणाऱ्या माणसाचा म्हणींवर फार विश्वास असतो. असावाच लागतो, त्याचे पोट त्यांवर चालते. गेली वीस वर्षे मी अलिबागेत ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण समजावून देत आलो आहे. जे डोळ्यांपुढे धडधडीत दिसते आहे त्याला निराळा पुरावा नको, असा अर्थ मी सांगतो आणि मुले तो मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. पदवीच्या वर्गाला म्हणींचे अर्थ का सांगावे लागतात, हा एका स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. असो.

सांगायचे ते हे, की तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ही म्हण माझ्यावरच उलटली. माझ्याच घरातल्या काकणांना आरसा लागला. आणि तो आरसाही कसा? माणसाला आडवे निजवून एका भल्यामोठ्या कड्यातून आरपार सरकवणारा! त्या यंत्राला सी. टी. स्कॅन म्हणतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण त्याने धमन्यांचे चित्र काढता येते, आणि त्या चित्रात नवऱ्याचा चेहरा दिसतो, हे मात्र मला त्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते.

आमचे घर चौलला. मागे थोडी नारळी-पोफळीची वाडी, पुढे ओटी, असा जुन्या पद्धतीचा संसार. वर्षातून दोन-तीन वेळा एक कासारीण बांगड्या घेऊन येते. ती ओटीवर बसली की आळीतल्या बायका जमतात. तिची बोटे म्हणजे चमत्कार! तळहाताची हाडे कशी दाबायची आणि बांगडी कशी सरकवायची, हे तिने कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. एके वर्षी श्रावणात तिने आमच्या सौभाग्यवतीचा हात हातात घेतला आणि ती म्हणाली, “वैनी, डावा हात गार लागतो हो तुमचा. उजवा कसा ऊन आहे.”

त्यावर बायका हसल्या. मी आत वर्तमानपत्र वाचीत होतो, मीसुद्धा हसलो. “डावा हात गार म्हणजे खर्चाचा हात उजवा,” असा एक विनोदही मी केला. विनोद वाईट होता, हे मला आता कळते.

त्यानंतरची तीन-चार वर्षे आमच्या घरात एक बारीकशी तक्रार चालू होती. दोरीवर कपडे वाळत घालताना हिचा डावा हात मध्येच खाली येई. मुलीची वेणी घालता घालता ती थांबे, हात झटके, पुन्हा सुरू करी. “हात भरून येतो हो,” ती म्हणे. डोके दुखे. कधी जिन्यावर दम लागे. तक्रारीचा आवाज मात्र कधी चढला नाही, आणि आपल्याकडे न चढलेला आवाज ऐकू येण्याची सोय नाही. आईने सांगितले, “आम्ही विहिरीचं पाणी काढलं, आमचे हात नाही भरून आले.” मी म्हणालो, “व्यायाम कर.” मुलगी म्हणाली, “आई, तू फार टेन्शन घेतेस.” सगळ्यांजवळ उत्तरे होती. प्रश्न कुणी विचारला नव्हता.

डॉक्टरांकडे गेलो नाही असे नव्हे. गेलो. त्या दवाखान्यात रुग्णाची खुर्ची भिंतीला लागून होती, त्यामुळे रक्तदाबाचा पट्टा नेहमी डाव्या हातालाच बांधला जाई. रक्तदाब येई नव्वद-पंचाण्णव. “लो आहे,” असे ठरले. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घ्यावे, असेही ठरले. ते सरबत करून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. बायकोसाठी आपण काहीतरी करतो आहोत याचे समाधान नवऱ्याला फार स्वस्तात मिळते. मीठ मी सढळ हाताने घालीत असे.

मग ती दिवाळी आली. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी शेव चालली होती. चकली कागदावर पाडून मग तळता येते. शेवेला मात्र सोऱ्या थेट कढईवर धरावा लागतो. दोन्ही हात वर, खाली उकळते तेल. तिसऱ्या घाण्याला डावा हात भरून आला, सोऱ्या कलंडला आणि तेल उडून डाव्या हातावर कोपरापर्यंत फोड उठले.

नेहमीचे डॉक्टर सुटीवर होते. म्हणून अलिबागेला एका नव्या दवाखान्यात गेलो. तिथे नुकतीच शिकून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिने भाजलेल्या हाताला मलमपट्टी केली आणि त्या हाताला पट्टा बांधता येईना म्हणून उजव्या हाताचा रक्तदाब घेतला. आकडा पाहून तिने पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिले. एकशे नव्वदवर एकशे दहा!

“हिचा तर लो असतो,” मी अधिकारवाणीने सांगितले.

“कोणत्या हाताचा?” तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. रक्तदाब माणसाचा असतो, हाताचा नसतो, अशीच माझी समजूत होती. तिने दोन्ही मनगटे हातात घेतली, डोळे मिटल्यासारखे केले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग गळ्याला आणि पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकले. अरुंद जागेतून रक्त जोराने जाऊ लागले की तिथे एक भुणभुण ऐकू येते, हे तिने मला नंतर सांगितले. त्या वेळी ती एवढेच म्हणाली, “डाव्या हाताची नाडी लागत नाही.”

मराठीत ‘नाडी लागत नाही’ हे वाक्य कोणत्या प्रसंगी उच्चारतात, ते मी वाचकांना सांगायला नको. इथे ते जिच्याबद्दल उच्चारले गेले, ती बाई समोर बसून, निघताना गॅस बंद केला होता ना, असे मला विचारीत होती. आपल्याकडे नाडी पाहताना पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा हात धरण्याची जुनी वैद्यकी रीत आहे. आमच्या आजोबांच्या वेळचा एखादा वैद्य ओटीवर येऊन बसला असता, तर त्याने पहिल्याच भेटीत चमकून वर पाहिले असते. अर्थात पुढे काय, हे त्यालाही सांगता आले नसते. नाडी का हरवली आणि कुठे हरवली, हे मनगट सांगत नाही. त्यासाठी आत पाहावे लागते.

म्हणून मुंबई गाठायची ठरली. काय करायचे ते डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिले होते : महाधमनी आणि तिच्या सर्व शाखांची सी. टी. अँजिओग्राफी. भाऊबीज आटोपून आम्ही मांडव्याला बोटीत बसलो. तासाभराचा तो प्रवास आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांना अंगवळणी पडलेला आहे. बायको सीगल पक्ष्यांना पाहत होती आणि मी तिच्या मनगटाकडे पाहत होतो. लग्नाला अठरा वर्षे झाली होती. इतका वेळ ते मनगट मी कधी पाहिले नव्हते.

रुग्णालयात आधी रक्त तपासले. जे औषध शिरेतून सोडतात ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, तेव्हा ती धड आहेत ना, हे पाहावे लागते. मग एका माणसाने अर्ज भरताना विचारले, “मासे चालतात का?” चौलच्या माणसाला हा प्रश्न! पण त्यामागे एक जुनी समजूत होती. या औषधात आयोडिन असते. क्ष-किरण रक्तातून सहज पार जातात, म्हणून धमनी नुसती दिसत नाही. आयोडिन ते किरण अडवते, आणि ते मिसळलेले रक्त चित्रात पांढरे शुभ्र उमटते. हे आयोडिन माणसाला पहिल्यांदा सापडले ते समुद्रात उगवणाऱ्या शेवाळाच्या राखेत, १८११ साली, बर्नार कूर्त्वा या फ्रेंच माणसाला. म्हणून मासे न मानवणाऱ्याला हे औषधही मानवायचे नाही, असे लोक समजत आले. तिथल्या क्ष-किरणतज्ज्ञांनी समजावून दिले, की माशांचे वावडे असते ते त्यांतल्या प्रथिनांचे, आयोडिनचे नव्हे. पूर्वी हेच औषध घेऊन कधी त्रास झाला होता का, दमा आहे का, मूत्रपिंडे कशी आहेत, हे विचारणे अधिक महत्त्वाचे.

आत जाताना हिने मंगळसूत्र, कानांतले आणि बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. मला आत प्रवेश नव्हता. पुढचे तिने सांगितलेले : फळीवर निजवले, दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावले, उजव्या हाताच्या शिरेत सुई. काचेपलीकडची मंडळी दिसेनाशी झाली आणि छतातून एक आवाज हिंदीत म्हणाला, साँस लीजिए, साँस रोकिए. औषध सुटताच घशापासून ओटीपोटापर्यंत ऊन ऊन वाटले, आपले कपडे ओले झाले की काय, असे वाटण्याइतके. फळी कड्यातून सरकली, कडे आतल्या आत घुमले आणि साँस छोड़िए. “संपलं?” तिने विचारले. संपले होते. हातावरच्या सुईला लागला तेवढासुद्धा वेळ त्या चित्राला लागला नव्हता.

मी बाहेर बांगड्या धरून बसलो होतो. वेळ घालवण्यासाठी मोबाइलवर या यंत्राचा इतिहास वाचू लागलो. मास्तर माणसाला भीती वाटली की तो वाचतो. गॉडफ्री हाउन्सफील्ड हा इंग्रज इंजिनीयर ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ई. एम. आय. कंपनीत काम करी. बंद पेटीतून सर्व बाजूंनी किरण आरपार सोडले, तर पेटी न उघडता आत काय आहे ते गणिताने काढता येईल, ही त्याची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात त्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले, आणि १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधीची एक गोष्ट वाचून मात्र मी मोबाइल खाली ठेवला. रोएंटगेनने क्ष-किरण शोधले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने एका हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी. तो हात त्याच्या बायकोचा होता. सहा आठवड्यांत त्या माणसाने आपल्या बायकोच्या हाताच्या आत पाहिले. माझी तर श्रावणातल्या त्या विनोदापासूनच चार वर्षे गेली होती.

संध्याकाळी तज्ज्ञांनी मला पडद्यासमोर बसवले. यंत्राने मिलिमीटरहून पातळ काप घेतले होते आणि संगणकाने ते एकावर एक रचून झाड उभे केले होते. हृदयातून निघून वर वळलेली आणि मग खाली उतरलेली महाधमनी म्हणजे बुंधा. मानेला, हातांना, मूत्रपिंडांना गेलेल्या फांद्या. बोटाच्या इशाऱ्यासरशी ते झाड गरगर फिरे. डाव्या हाताला जाणारी फांदी निघाल्यावर थोड्याच अंतरावर सुताइतकी बारीक होऊन नाहीशी झाली होती. तिच्या आसपास आडवाटांनी वाढलेल्या बारीक धमन्यांचे जाळे होते. तेवढ्यावर तो हात जगत होता. खाली डाव्या मूत्रपिंडाची धमनीही मुळाशी आवळलेली होती.

“म्हणजे कोलेस्टेरॉल?” मी विचारले.

“नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी मला धमनीचा आडवा काप दाखवला. मध्ये रक्ताचा पांढरा ठिपका आणि त्याभोवती जाड करडी कड.

चौलच्या माणसाला ही गोष्ट चटकन कळावी. आमचे बंदर एके काळी देशोदेशी माहीत होते. रशियातला निकितिन १४६९ साली इथेच उतरला. पुढे मुंबई वाढत गेली, इथली खाडी गाळाने उथळ होत गेली आणि गलबते यायची थांबली. वयाबरोबर, तंबाखूने, मधुमेहाने धमन्यांत चरबी आणि चुना साठतो तो असाच गाळ. पण हिच्या आजारात गाळ नव्हता. खाडीचा काठच सुजून आत आला होता. शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या महाधमनीच्या भिंतीवर उठली होती. जांघेतून नळी घालून काढण्याच्या जुन्या अँजिओग्राफीत पाणी किती रुंद वाहते ते दिसे, काठ दिसत नसे. या चित्रात काठ दिसतो. म्हणूनच वाट पुरती बुजण्याआधी आजार ओळखता येतो, ही या तपासणीची मोठी देणगी.

या आजाराला ताकायासूचे नाव आहे. १९०८ साली या जपानी नेत्रवैद्याने एका तरुण स्त्रीच्या डोळ्यातील रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण प्रथम नोंदली. तो विशेषतः तरुण स्त्रियांना होतो. आणि हे दुखणे काही जपानचेच नव्हे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी डॉ. किनरे, डॉ. केळकर आणि डॉ. परुळकर यांच्यासह १०१ रुग्णांच्या अभ्यासावर एक ग्रंथ लिहिला. तो १९७३ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपणाचा भारतातला पहिला प्रयत्न करणारे ते हेच सेन. म्हणजे आमच्या बोटीच्या पलीकडच्या तीरावर पन्नास वर्षांपूर्वीच ही विद्या लिहून ठेवलेली होती. आमच्या ओटीपर्यंत ती पोहोचायला तेल सांडावे लागले.

आणि ते मीठ! त्याचाही उलगडा त्या पडद्यावर झाला. आवळलेल्या धमनीमुळे डाव्या मूत्रपिंडाला रक्त कमी मिळे. त्याला वाटे, साऱ्या देहाचाच दाब उतरला. म्हणून ते दाब चढवणारा रस रक्तात सोडी. दाब चढे, पण डाव्या हाताची वाट बुजलेली असल्यामुळे तो त्या हाताला दिसत नसे. आम्ही मोजत होतो तोच हात. उजवीकडे एकशे नव्वद असताना मी मिठाचे सरबत पाजीत होतो. डोके दुखणारच.

रात्री मुंबईत नातेवाइकांकडे उतरलो. मी सर्वांना फोन केले. आईला, मुलीला, मेव्हण्याला, मोबाइलवर ते रंगीत झाड पाठवून. पलीकडून प्रत्येकजण म्हणे, “अरे बापरे! बिचारी!” आई तर रडली. ही शेजारी बसून ऐकत होती. सगळे फोन झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, “अहो, हेच तर मी सांगत होते. फक्त माझ्याजवळ फोटो नव्हता.”

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. यंत्राने नवे काय सांगितले? जागा सांगितली, कारण सांगितले, उपायाची दिशा दिली. ते फार मोठे आहे, आणि त्यावाचून ती वाचती ना. पण हात भरून येतो, हे सत्य यंत्राने शोधलेले नव्हते. ते तिने सांगितले होते, कासारणीने बोटांनी वाचले होते. आम्ही त्यावर विश्वास ठेवला तो चित्र पाहून.

पुढे उपचार झाले. सूज उतरवणारी स्टेरॉइडची औषधे. त्यांनी चेहरा गोल झाला आणि ती आरशासमोर जायची टाळू लागली. रक्ताच्या तपासण्यांत सूज शमल्यावर मूत्रपिंडाची धमनी फुग्याने रुंद केली. हाताच्या धमनीला डॉक्टरांनी हात लावला नाही. आडवाटा पुरेशा आहेत म्हणाले. आता उजव्या हाताचा दाब एकशे तीसच्या आत असतो. वर्षाकाठी तपासणी होते, पण दर खेपेला सी. टी. नव्हे. त्यात क्ष-किरणांची मात्रा बरीच लागते, म्हणून पुष्कळदा चुंबकाच्या यंत्रावर, एम. आर. वर, भागवतात.

हे वाचून कुणी उद्याच सहकुटुंब स्कॅन करायला निघू नये. सणासुदीच्या सवलतीत घ्यायची ही वस्तू नव्हे. स्कॉटलंडात छातीत दुखणाऱ्या ४,१४६ माणसांची पाहणी झाली, तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली आले. नेहमीच्या तपासणीच्या जोडीला हृदयाच्या धमन्यांचे सी. टी. चित्र काढलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका आला तो २.३ टक्क्यांना, न काढलेल्यांत ३.९ टक्क्यांना. चित्राचा उपयोग खराच. पण ती माणसे तक्रार घेऊन आली होती आणि कुणीतरी ती ऐकून घेतली होती, हेही विसरू नये. तुमच्या घरात मात्र एक गोष्ट फुकटात करता येईल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन्ही हातांचा रक्तदाब एकदा घ्यायला सांगा. वीसच्या वर फरक निघाला, तर त्याचे कारण विचारा.

यंदा शेव मी पाडली. आकार काही जमला नाही. मुलीने तिला ‘मोडी लिपी’ असे नाव ठेवले. आई काही बोलली नाही, पण तिने दोनदा वाढून घेतली.

दिवाळीच्या आधी कासारीण आली होती. मी ओटीवरच बसून होतो. तिने हिचा डावा हात हातात घेतला, हाडे दाबली, बांगडी सरकवली आणि क्षणभर थांबून म्हणाली, “वैनी, हात अजून गारच आहे हो.”

“ठाऊक आहे,” ही हसून म्हणाली. “आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”